मैत्रिणीला देता तो धीर स्वतःला कसा द्यायचा

लातूरच्या एखाद्या वसतिगृहात नीटची सराव टेस्ट झाली की रात्री खोलीत काय बोलणं चालतं ते ऐका. "का रडायलीस गं? फिजिक्सला मागच्या वेळी साठ होते, आता बहात्तर आलेत. रोटेशनचेच तर प्रश्न गेलेत तुझे." हे सांगणारीचे मार्कही घसरलेले असतात. पण दिवा मालवल्यावर ती स्वतःला एवढंच म्हणते, "माझ्याच्यानं नाही होणार."

मैत्रिणीला जे सांगितलं त्यात आकडा आहे, धडा आहे, उद्या काय वाचायचं तेही आहे. स्वतःला जे सांगितलं तो नुसता निकाल आहे. बचत गटातल्या सगळ्यांची कामं निस्तरणारी ताई असो की अभ्यासिकेत सगळ्यांना नोट्स देणारा दादा, तऱ्हा हीच. धीर द्यायचं कसब अंगात असतंच, ते फक्त आपल्याकडे वळवायचं असतं. त्याला महिनाभर द्या.

पहिल्या आठवड्यात काही बदलू नका, नुसतं टिपा. एक वही घ्या. डाव्या पानावर दुसऱ्याला दिलेला धीर, उजव्या पानावर स्वतःला म्हटलेलं. शब्द जसेच्या तसे लिहा. "आज निराश वाटलं" ही नोंद कामाची नाही, "मला कुठं जमायलंय" ही कामाची. रोज दोन-तीन नोंदी पुरेत.

दुसऱ्या आठवड्यापासून उजव्या पानावरचं एक वाक्य निवडा आणि डाव्या पानाच्या भाषेत त्याला उत्तर लिहा. "मी" म्हणू नका, स्वतःला नावानं हाक मारा आणि "तू" म्हणा. इथन क्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणासारख्या ताणाच्या वेळी स्वतःशी नावानं बोलणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली होती. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय अडलं, याआधी काय निभावलं, पुढचं एकच काम कोणतं. गटातल्या ताईंनी आधी आपलं नाव लिहावं, मग असं: "फॉर्मचं एकच पान अडलंय. बारा जणींचे फॉर्म तूच भरून दिलेस. उद्या अकराला बँकेत जा आणि कोटेशन कशाचं लागतं तेवढं विचारून ये." "होईल सगळं नीट" असलं मोघम वाक्य आलं की खोडा. मैत्रिणीला ते चाललं नसतं.

आता खरं काम. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की "मला हे जमेल" हा भरवसा सर्वांत जास्त स्वतः करून पाहिल्यानं येतो, दुसऱ्यानं पाठ थोपटल्यानं तेवढा येत नाही. म्हणून रोज वीस मिनिटांत उरकेल असं स्वतःचं एक काम ठरवा. दहापैकी सात वेळा जमेल, एवढंच अवघड. फार मोठं घेतलं तर फसतं आणि मन लगेच "सांगितलं नव्हतं?" म्हणतं, फार सोपं घेतलं तर मन ते मोजतच नाही. सुरू करण्याआधी वहीत लिहा, जमेल असं दहापैकी किती वाटतं. झाल्यावर शेजारी लिहा, खरंच काय झालं. तीन आठवड्यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. मनाचा अंदाज कुठं कुठं चुकला ते स्वतःच्या अक्षरात दिसेल. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत वीसची पाच मिनिटं करा, पण पान कोरं सोडू नका.

बिघडतं कुठं? एक म्हणजे आरशासमोर "मी सगळ्यात भारी" घोकणं. स्वतःबद्दल मुळातच कमी वाटणाऱ्यांना अशा वाक्यांनी उलट जास्त वाईट वाटलं, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मनाला न पटणारं म्हटलं की मन लगेच पुरावा मागतं. आकडा आणि केलेलं काम असलं की तिथं उत्तर तयार असतं.

दुसरी खोट जास्त चिवट आहे. स्वतःचं अवघड काम टाळायला दुसऱ्याचं काम फार सोयीचं असतं, वर पुण्यही लागतं. उपाय साधा: आपली वीस मिनिटं सकाळी, लोकांचे फोन नंतर. "नऊनंतर बघते, माय" एवढं म्हणायला शिका. घरातून "आता लई शहाणी झाली" ऐकू येईल, त्यावर वाद घालू नका. पहिले काही दिवस आपण स्वार्थी झालो असं वाटेल. तसं वाटत असतानाच ती वीस मिनिटं पूर्ण करा.

मात्र दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही हा त्यावरचा इलाज नाही. जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आधी काही जुळवून ठेवायची गरज नाही, "झोपच लागंना" एवढ्यानंही सुरुवात होते.