पार्टनरचा संशयास्पद मृत्यू : रहस्यकथा लिहिताय? मग या चुका टाळा

दिवाळी अंकांची वेळ जवळ आली की ओळखीतले बरेच जण आपली रहस्यकथा मला वाचायला पाठवतात आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींत तरी मेलेला माणूस हा कोणाचा तरी बिझनेस पार्टनर असतो. मला हा विषय मनापासून आवडतो. वीस वर्षं एकाच गल्ल्यावर बसलेली दोन माणसं, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात आहेर केलेली, आणि एक दिवस त्यातला एक गोदामात मेलेला सापडतो, यापेक्षा चांगली सुरुवात कुठली असणार? पण मी बारा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात बसून भागीदारी फर्मची खाती लिहिलीत, त्यामुळे गोष्ट कुठे फसली ते मला खुनाच्या सीनच्या आधीच दिसतं. ती फसते हिशेबात.

सगळ्यात मोठी चूक : "पार्टनर मेला की धंदा माझा"

दहातल्या आठ गोष्टींत खुनाचं कारण हेच असतं आणि ते कागदावर उभंच राहत नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा, त्यातलं कलम ४२ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भागीदार वारला की फर्म विसर्जित होते. आणि फर्ममध्ये दोघंच असतील तर करारात काहीही लिहा, एकट्या माणसाची भागीदारी होतच नाही. म्हणजे खून केल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्या खुन्याच्या हातात धंदा येत नाही, त्याच्या दारात वारस येतात. मेलेल्याची बायको येते, मुलगा येतो, सोबत एखादा वकील मेहुणा येतो आणि म्हणतो हिशेब दाखवा. बँकेला कळलं की ती साधारणपणे खात्यावरचे व्यवहार थांबवते. बरं, हिशेब न मिटवता धंदा तसाच चालू ठेवला तर कलम ३७ प्रमाणे वारसांना त्यांच्या पैशावर त्यानंतरच्या नफ्यातला वाटा नाहीतर सहा टक्के व्याज मागता येतं.

म्हणजे खाती गोलमाल असलेल्या माणसासाठी पार्टनरचा मृत्यू ही सगळ्यात वाईट बातमी असते, कारण इतके दिवस फक्त दोघांनी बघितलेल्या वह्या आता तिसरा माणूस उघडणार.

हे एकदा डोक्यात बसलं की खरी कारणं आपोआप सुचायला लागतात. समजा मार्केट यार्डात धान्याचा होलसेल धंदा आहे. धाकट्या पार्टनरने गोदामातला माल बँकेकडे तारण ठेवलाय आणि तोच माल गुपचूप विकूनही टाकलाय, आणि मोठा पार्टनर म्हणतो सोमवारी स्टॉक मोजूया. तर मग सोमवारच्या आधी काहीतरी होणं भाग आहे, बरोबर? किंवा भागीदारी मुदतीची नाही, मर्जीवरची आहे, म्हणजे एका पार्टनरने लेखी नोटीस दिली की फर्म संपली, आणि ती नोटीस टाइप होऊन ड्रॉवरमध्ये पडलीये, फक्त सही बाकी आहे. मला असली कारणं प्रेमप्रकरणापेक्षा जास्त पटतात.

इन्शुरन्स वापरायचा असेल तर जरा अभ्यास करा प्लीज. कीमॅन पॉलिसीचे, म्हणजे फर्मने आपल्या महत्त्वाच्या माणसाच्या जिवावर काढलेल्या विम्याचे, पैसे फर्मला मिळतात, थेट पार्टनरच्या खिशात जात नाहीत. आणि जीवन विम्यात पहिल्या बारा महिन्यांत आत्महत्या झाली तर विम्याची रक्कम मिळत नाही. आता बघा यातून काय होतं, पॉलिसी आठ महिन्यांची आहे, खुन्याला हा मृत्यू अपघातच दिसायला हवाय, पण घटनास्थळ बघणाऱ्या फौजदाराला मात्र ती आत्महत्या वाटतीये, म्हणजे खुनी स्वतःच पोलिसांना सांगत सुटतो की साहेब तो असा जीव देणारा माणूस नव्हता हो! तपास बंद होऊ नये म्हणून खुनीच धडपडतोय. हे मी एका मैत्रिणीला सुचवलं आणि तिची तीन वर्षं अडकलेली गोष्ट तीन आठवड्यांत पूर्ण झाली.

पहिल्याच पानावर खुनाचा गुन्हा

मृतदेह सापडला, इन्स्पेक्टर आला, चष्मा काढला, "हा खून आहे" म्हणाला. असं होत नाही. संशयास्पद मृत्यू आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंदवला जातो, पोलिसांच्या भाषेत एडीआर. आधी ते सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १७४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो, पंच म्हणून बऱ्याचदा शेजारच्या गाळ्यातलेच दोघं उभे केले जातात, अंगावरच्या जखमा, कपडे, खिशातल्या वस्तू लिहिल्या जातात, बॉडी पोस्टमॉर्टेमला जाते. या टप्प्यावर आरोपी कोणीच नसतो. आणि लेखक म्हणून आपल्यासाठी हा सोन्यासारखा काळ आहे, कारण सगळे मोकळे फिरताहेत, एकमेकांचं सांत्वन करताहेत, आणि ज्याला काही लपवायचंय त्याच्याकडे अजून वेळ आहे. हा काळ पहिल्या दोन पानांत उरकून टाकू नका.

कलमांची गडबड तर प्रत्येकाची होते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यामुळे २०२५ मधल्या खुनाच्या एफआयआरवर ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३ येईल. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर मात्र ३०२ च. जुना हवालदार बोलताना "तीनशे दोन लागणार" म्हणेल आणि ते अगदी खरं वाटेल, पण कागदावर १०३ लिहा. आणि गोष्ट १९८० च्या मुंबईत घडत असेल तर तिथे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता हे विसरू नका, ते पद १९९९ मध्ये बंद झालं. एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, हे पद आपल्या महाराष्ट्रात आहे, दुसऱ्या राज्यातली गोष्ट लिहिताना ते तसंच उचलून नेऊ नका.

डॉक्टर संध्याकाळपर्यंत सगळं सांगून मोकळे

"मृत्यू रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी, विष अमुक, चहातून दिलं." एवढं सगळं सांगणारा डॉक्टर गोष्टीची वाटच लावतो. खऱ्या रिपोर्टवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आहे, व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, केमिकल तपासणीसाठी जतन केला आहे. मग तो व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, मुंबईचा असेल तर कलिन्याला, आणि रिपोर्टची वाट बघत दिवसच्या दिवस जातात. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मलिनमध्ये नाही, फॉर्मलिनमुळे विष शोधणं अवघड होऊन बसतं. बरणीत चुकीचं द्रावण पडलं एवढ्या एका गोष्टीवर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

मृत्यूच्या वेळेचं म्हणाल तर शरीर थंड होण्याचा जो हिशेब पुस्तकांत असतो तो थंड हवेच्या देशातला. मे महिन्यात नागपूरला पत्र्याच्या गोदामात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री असेल तर बॉडी थंड होणार तरी कशी? ताठरता उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर जातेही. त्यामुळे डॉक्टरला तासांचा अंदाज सांगू द्या, मिनिटं सांगायला लावू नका. आणि त्या अंदाजातल्या चार तासांत तुमच्या तिघा संशयितांना हलवा, कोण कधी गोदामाकडे गेला ते तिथे खेळवा.

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरला की दोन सेकंदात माणूस आडवा, हे आता पूर्ण सोडून द्या, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर माणूस झटापट करतो. सायनाइडचा कडू बदामासारखा वास सगळ्यांना येतच नाही, ते काहीसं आनुवंशिक आहे, त्यामुळे एकाला वास आला आणि दुसऱ्याला नाही हे तुम्ही खुशाल वापरू शकता.

धान्याच्या धंद्याची गोष्ट असेल तर विष बाहेरून आणायचीही गरज नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गोदामात कीड मारायला धुरी देतात त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, आणि त्याच्यावर उतारा औषध नाही. म्हणून धुरी चालू असताना गोदाम बंद ठेवतात आणि बाहेर पाटी लावतात. आता प्रश्न असा की आयुष्यभर हाच धंदा केलेला माणूस त्या बंद गोदामात गेला कशाला? पाटी होती का? होती तर कोणी काढली? गोळ्यांचं रजिस्टर कोण लिहितं, आणि त्या दिवशीची नोंद कोणाच्या अक्षरात आहे? धंद्यातूनच शस्त्र आलं की धंद्यातूनच पुरावाही येतो. गोष्ट मधेच ढिली पडतीये असं वाटलं तर परत गोदामात जा, रजिस्टरं बघा, हमालांशी बोला. हमालाला सगळं माहीत असतं आणि त्याला कोणी विचारत नाही.

"विष सापडलं नाही, म्हणजे सुटला"

ही समजूत पण काढून टाका. १९५६ मधलं पुण्याचं डॉ. अनंत लागू प्रकरण जुन्या लोकांना अजून आठवतं. एका श्रीमंत विधवा पेशंटला हा डॉक्टर ट्रेनने मुंबईला घेऊन गेला, बेशुद्ध अवस्थेत जी. टी. हॉस्पिटलमध्ये भलत्याच नावाने दाखल केलं, ती वारली, आणि तो इकडे ती जिवंत असल्याचं भासवत तिची मालमत्ता उचलत राहिला. शरीरात विष सापडलं नव्हतं. तरी सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, कारण मृत्यूच्या आधीचं आणि नंतरचं त्याचं वागणं, खोटी पत्रं, पैशाचे व्यवहार हे सगळं मिळून एकच गोष्ट सांगत होतं. आणि उलट बाजूने १९८४ मध्ये, तेही पुण्यातल्याच एका सायनाइडने झालेल्या मृत्यूच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली, त्याला कोर्टानेच पंचशील म्हटलंय, आणि साखळी पूर्ण होत नाही म्हणून आरोपीला सोडलं. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेतच, आपला खुनी या दोघांच्या मधे कुठे उभा आहे ते ठरवावं.

डिटेक्टिव्हला सगळं मिळतं

खासगी डिटेक्टिव्ह फोन करतो आणि दहा मिनिटांत कोणाचाही सीडीआर, म्हणजे फोन कॉलची यादी, हातात. हा गुन्हा आहे, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा बेकायदा सीडीआरच्या प्रकरणात खासगी डिटेक्टिव्हनाच अटक केली होती. शिवाय टॉवर लोकेशन भाग सांगतं, खोली नाही. त्यापेक्षा त्याला कायद्याने बघता येईल ते बघू द्या. वारसाने नेमलाय ना त्याला? मग फर्मचा हिशेब मागायचा हक्क वारसाला आहे, त्याच्यासोबत तो बसेल आणि मालवाहतुकीची ई-वे बिलं चाळेल, फास्टॅगचे मेसेज बघेल, वजनकाट्याच्या पावत्या जुळवेल. ट्रक रात्री दोनला टोलवरून गेलाय आणि मालाची नोंद सकाळी अकराची आहे. सीसीटीव्ही तर लवकर जमा करायला लावा, डीव्हीआर भरला की जुनं फुटेज पुसत जातो.

पार्टनर एकमेकांशी असं बोलत नाहीत

"तुला माहितीच आहे की २००३ साली आपण दोघांनी प्रत्येकी पाच लाख घालून हा धंदा सुरू केला." वीस वर्षांचे पार्टनर हे वाक्य कधी म्हणणार? ते म्हणतात, "शेठ, ते पाचाचं काय करायचं?" आणि समोरचा म्हणतो, "बघू." बास. वाचकाला अर्धं कळलं तरी तो थांबतो आणि पुढे वाचतो.

मी ऑफिसात असताना बघितलेला एक प्रसंग सांगते, माणसं कोण ते सोडा. पार्टनर वारला होता, संशय वगैरे काही नव्हता, हार्टचा त्रास होता आधीपासून. दुसरा पार्टनर रोज त्यांच्या घरी जायचा, वहिनी वहिनी करत सगळं बघायचा, स्मशानातलं लाकूड, भटजी, बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय. आणि तेराव्याला जेवणं उरकल्यावर त्याने पिशवीतून कागद काढले, म्हणाला वहिनी बँकेचं आहे, सह्या करून टाका म्हणजे तुम्हाला त्रास नको. बाईंनी पेन घेतलं, आणि मग चष्मा शोधायला म्हणून आत गेल्या त्या परत बाहेरच आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या. ते नवऱ्याच्या भागावरचा हक्क सोडल्याचे कागद होते. तो पार्टनर खुनी नव्हता, पण मला आजही खुनी डोळ्यासमोर आणायचा असला की तोच माणूस आठवतो, हातातली ती पिशवी, आणि आवाजातली माया, जी बहुतेक खरीच होती. तुमच्या गोष्टीत खुन्याला मेलेल्याबद्दल खरंच वाईट वाटू द्या.

शेवट : सगळ्यांना खोलीत बसवून कबुली

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आधी एव्हिडन्स अॅक्टचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. त्यामुळे शेवटच्या पानावर खुनी रडून सगळं सांगतो आणि इन्स्पेक्टर बेड्या घालतो इथे गोष्ट संपली तर जाणकार वाचक म्हणणार, हा तर सुटेल. पण त्याच कलमात एक वाट आहे, कस्टडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू मिळाली तर तेवढा भाग चालतो. म्हणजे कबुलीचा सीन छोटा करा आणि त्यानंतरचा मोठा. पंच आलेत, व्हिडिओ चालू आहे, पंचनाम्यात लिहिलं जातंय की आरोपीने स्वखुशीने पुढे होऊन जागा दाखवली, आणि तो चालतोय पुढे, त्याच गल्लीतून जिथे वीस वर्षं लोक त्याला रामराम करायचे, हमाल पोती खाली ठेवून बघताहेत, आणि तो दुकानातल्या देवाच्या फोटोमागे हात घालून गोदामाची पाटी बाहेर काढतो.