गुळवेल लावायची तर याच पावसात

मृगाचा पाऊस जमिनीत चांगला मुरला की बांधावर गुळवेलीच्या काड्या लावून घ्या. जून-जुलैची ओल तिला मानवते. जुन्या वेलाच्या 15 ते 20 सें.मी. लांबीच्या, दोन-तीन डोळे असलेल्या काड्या काढा आणि 24 तासांच्या आत रोवा. डोळे वरच्या बाजूला राहू द्या. आधाराला कडुनिंब असेल तर उत्तमच, कारण निंबावरची गुळवेल वैद्य पहिल्यापासून जास्त गुणाची मानतात. आंब्याच्या कलमांवर मात्र चढवू नका, वेल माजला की झाड झाकून टाकतो.

काडी कोणाकडूनही आणा, पण ओळख पटवूनच. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत असतं. खोडाची साल कागदासारखी सुटते आणि आत हिरवा रंग दिसतो. आडवा काप घेतला तर गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. तिच्या जातभाईच्या खोडावर मात्र फोडांसारख्या पुष्कळ गाठी असतात आणि कापलं की दुधाळ चीक येतो. ती घेऊ नका. औषधात चुकीची वेल गेली तर खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

आयुर्वेदात हिला गुडूची, अमृता म्हणतात. जीर्णज्वर (जुनाट ताप), पित्त, वातरक्त (सांधे सुजून दुखणं) यांवर तिचा काढा देतात, तर अंगातल्या दाहावर सत्त्व. सत्त्व घरीही निघतं. ताजी कांडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची आणि पाणी निवळू द्यायचं. वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढरा साका उरतो, तो वाळवायचा. निघतं थोडंच, म्हणून तर ते महाग. गरोदर बाई, यकृताचा आजार असलेले किंवा मधुमेहाची गोळी चालू असलेले यांनी डॉक्टर-वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तोडणी पावसाळा सरल्यावर. अडीच सें.मी.पेक्षा जाड झालेली खोडंच कापा आणि बुंधा शाबूत ठेवा, तो पुन्हा फुटतो. रानातली वेल मुळासकट उपटणं मला मुळीच पटत नाही. शहापूर तालुक्यातल्या कातकरी बांधवांनी वन धन केंद्रातून (आदिवासींच्या वनउपजासाठीच्या सरकारी योजनेतलं केंद्र) गुळवेलीचा चांगला व्यवसाय उभा केला आहे, आणि रानात वेल टिकली तरच तो चालणार. खरेदीदाराशी बोलणी लागवडीआधीच करून ठेवा.

कापलेल्या खोडाचे लहान तुकडे करून सावलीत वाळवा. गोणी भरण्याआधी एक तुकडा मोडून बघा. कट्‌कन मोडला तर भरा. वाकला तर अजून वाळू द्या, नाहीतर बुरशी धरते आणि व्यापारी माल परत पाठवतो.