झिजलेल्या खाचेत नवी की कानशीने बसवताना

आमोण्याला लागणाऱ्या बार्जीचा पंप असो की डिचोलीतली भाताची गिरण, पुलीची की (पुली आणि शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, एकत्र फिरावेत म्हणून दोघांच्या खाचेत बसवलेली लोखंडी पट्टी) एकदा ढिली पडली की प्रत्येक धक्क्याला खाच रुंदावत जाते. अशी खाच आली की बाजारातली तयार की आणून ठोकणारे बरेच भेटतात. कृपा करून तसं करू नका.

उदाहरणाला 40 मिमीचा शाफ्ट घेऊ. त्याला 12 रुंद, 8 उंच की लागते. शाफ्टात खाच 5 मिमी खोल, पुलीत 3.3. म्हणजे कीच्या डोक्यावर 0.3 मिमी फट राहते, आणि ती राहायलाच हवी. जोर बाजूंनी घ्यायचा असतो. वरून आवळली तर पुली एका अंगाला ढकलली जाऊन डोलते. (टेपर, म्हणजे उतरत्या जाडीच्या, कीचा हिशेब वेगळा.)

आधी खाच घासून साफ करा, रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. पुलीचीही मोजा, दोन्ही वेगळ्या भरल्या तर पायरीची की, म्हणजे खाली-वर वेगळ्या रुंदीची, करावी लागेल. समजा सगळीकडे 12.2 आली. 14 बाय 9 ची पट्टी घ्या. रुंदी मशीनवर 12.3 पर्यंत उतरवा, उंची 8 वर आणा. उरलेला एक दशांश हाताचा.

आता घाई नको. व्हाइसच्या जबड्यांना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. सेकंड कट (मध्यम दातांच्या) कानशीला खडू चोळा, म्हणजे कीस दातांत अडकून ओरखडे पडत नाहीत. दाब फक्त पुढे जाताना. परतताना कानस हलकी उचला. सुरुवातीला पुढच्या हाताचा जोर जास्त असतो, शेवटी मुठीकडचा. हे जमलं नाही की मधला भाग फुगतो आणि कडा पडतात. चार हात एका तिरक्यात, चार दुसऱ्या तिरक्यात मारा. रेषा कुठे उमटतात यावरून उंचवटा कळतो. गुण्या लावून उजेडाकडे धरून पाहा.

खरं काम यापुढचं आहे. खाचेच्या बाजूंना प्रशियन ब्ल्यू (कुठे घासतंय ते दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ लावा. जाड थर लावलात तर सगळीकडे निळंच दिसेल आणि काहीच कळणार नाही. की पितळेच्या हातोडीने हलके आत घाला, काढा. कीवर जिथे निळं लागलं तेवढंच घासा, तेही स्मूथ (बारीक दातांच्या) कानशीने. कानस आडवी धरून दोन्ही हातांनी कीच्या लांबीवर ओढायची, त्यालाच ड्रॉ फायलिंग म्हणतात. पुन्हा ब्ल्यू, पुन्हा घासणं. निळा डाग बाजूभर सारखा पसरला आणि की हलक्या ठोक्यांनी सरकू लागली की थांबा. या टप्प्यावर मायक्रोमीटरपेक्षा मी त्या डागावर जास्त विश्वास ठेवतो.

कीच्या खालच्या दोन्ही कडांची धार थोडी घासून मोडा. खाचेच्या कोपऱ्यात बारीक गोलाई असते. धारदार कड तिच्यावर चढली तर की तळाला टेकतच नाही. आणि की बंद खाचेत जाणार असेल तर तिला आटे पाडून एक भोक ठेवा, पुढे काढणाऱ्याला बोल्ट लावून उचलता येईल.

पावसाळ्यात आपल्याकडे ताज्या घासलेल्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर येतो. घामाची बोटं लागली तर त्यांचे ठसेच उमटतात. म्हणून काम अर्धवट ठेवून घरी जायचं असेल तर की तेलात बुडवून ठेवा, शाफ्टच्या खाचेत ग्रीस भरा. सकाळी ब्ल्यू लावण्याआधी दोन्ही रॉकेलने स्वच्छ पुसून काढा.