पिकअपच्या ऑइल कूलरचे गळके पाईप कसे बदलावेत

माझ्या मेव्हण्याची जुनी पिकअप आहे. तासगावातून द्राक्षं भरायची, चिपळूणला उतरवायची, असा त्याचा हंगाम. एकदा रिकामी गाडी घेऊन परतताना कुंभार्ली घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. त्यानं तिथंच इंजिन बंद केलं, म्हणून इंजिन वाचलं. खाली वाकून पाहिलं तर इंजिनचं ऑइल थंड करणाऱ्या ऑइल कूलरचा पाईप जोडापाशी सुटलेला. दोन महिन्यांपूर्वी याच पाईपची गळती एका गॅरेजमध्ये दाखवली होती. तिथं दोन क्लिपा आवळून मिळाल्या. "दादा, आता काय होत न्हाई, बिनधास्त चालवा."

क्लिप रेडिएटरच्या पाईपला चालते, कारण तिथला दाब १ बारच्या आसपास असतो. गाडी रस्त्यावर धावताना इंजिन ऑइलचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो, आणि भरलेल्या गाडीनं घाट चढला की ऑइल १०० अंशांच्या पुढंही तापतं. एवढ्या दाबाला आणि उष्णतेला क्लिप धरत नाही. पाईप सुटला की काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर सांडतं आणि बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून गळका पाईप दुरुस्त करत बसू नका, बदला. आणि दोन्ही बदला. जाणारा आणि येणारा पाईप एकाच वयाचे असतात. एक गेला की दुसरा मागोमाग येतोच.

आधी गळती नेमकी कुठं आहे ते शोधा. काही गाड्यांत कूलर ऑइल फिल्टरजवळ थेट इंजिनच्या ब्लॉकलाच बसवलेला असतो, त्याला बाहेरून पाईपच नसतात. तिथं गळते ती गॅस्केट किंवा ओ-रिंग, म्हणजे जोडातली गोल रबरी रिंग. रेडिएटरच्या पुढं वेगळा कूलर असेल आणि दोन पाईप इंजिनकडून तिकडं गेले असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पाईपवर तेल आणि धुळीचा काळा लगदा बसलेला असतो, त्यात काही कळत नाही. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं सगळं धुवा, चिंधीनं कोरडं करा आणि जोडांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर शिंपडा. मग इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटं चालू द्या. पावडर जिथं ओली होईल, तिथं गळती. बहुतेक वेळा ती धातूची नळी आणि रबर जिथं दाबून जोडलेलं असतं, त्या कॉलरच्या कडेला दिसते. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल घट्ट असतं, दाब चढलेला असतो, तेव्हा ही गळती पटकन उघडी पडते. वरून ओघळ येत असेल तर पाईपला दोष देऊ नका; फिल्टरचं सील किंवा प्रेशर स्विच तपासा.

पाईप कंपनीचा मिळाला तर उत्तम. जुन्या मॉडेलचा मिळत नसेल तर आपल्या भागात सोय आहे. ट्रॅक्टर, जेसीबी, ऊसतोडणी यंत्रं यांच्यामुळं हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं सापडतात. जुना पाईप सोबत न्या, दोन्ही टोकं तशीच बसवून घ्या. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: होज किती अंशांचा? सर्वसाधारण हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतच असतो. त्याहून जास्त तापमानाचा, इंजिन ऑइलला चालणारा होज मागा. सोबत नव्या ओ-रिंग किंवा तांब्याचे वॉशर, ऑइल आणि फिल्टर घ्या. ऑइल बदलायची वेळ जवळ आलीच असेल तर दोन्ही कामं एकदम उरकतात.

आदल्या रात्री जोडांच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून. गाडी उचलायची झाली तर स्टँड लावा; नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, अगदी एका मिनिटासाठीही नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कारण पाना स्टार्टरच्या तारेजवळून फिरणार आहे. खालचा गार्ड उतरवा, ऑइल काढा, आणि जुने पाईप कुठून कसे गेलेत याचे मोबाईलवर फोटो काढा.

आता नट. इथं घाई करू नका. कूलरचा गळा, म्हणजे पाईप जिथं बसतो ते तोंड, बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. नुसता नट पिळला तर गळाही सोबत फिरतो आणि चिरतो. मग पाईपच्या खर्चात कूलरही वाढतो. एका पान्यानं गळा धरायचा, दुसऱ्यानं नट सोडायचा. ब्रेक पाईपसाठी चिरलेल्या रिंगचा पाना मिळतो, तो असेल तर नटाचे कोपरे गोल होत नाहीत. खाली घमेलं ठेवा, पाईपमधलं ऑइल सांडतंच. पाईप निघाला की उघड्या तोंडांवर लगेच स्वच्छ कापड बांधा.

नवा पाईप लावण्याआधी जुनी ओ-रिंग निघाली का ते बोटानं चाचपून पाहा. ती खाचेत चिकटून राहते, वर नवी बसली की पुन्हा गळती. नव्या ओ-रिंगला ऑइलचं बोट लावा. टेफ्लॉन टेप अजिबात वापरू नका. तिचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकू शकतो. नटाचे पहिले तीन-चार आटे हातानंच फिरले पाहिजेत. अडलं तर सोडून पुन्हा सरळ धरा. दोन्ही टोकं आणि मधल्या सगळ्या क्लॅम्प आधी ढिल्या लावा, पाईप चेसिसला घासत नाही आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांब आहे हे बघा, मगच आवळा. किती आवळायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

नवा फिल्टर लावा, ऑइल भरा, बॅटरी जोडा, पण इंजिन लगेच सुरू करू नका. जुन्या डिझेल गाडीत बंद करायची केबल ओढून धरा किंवा डिझेल अडवणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा. मग दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, मध्ये थोडं थांबा. रिकाम्या पाईपात आणि कूलरमध्ये ऑइल पोचलं की दिवा विझतो. मगच वायर जोडून इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. दिवा पुन्हा लागला आणि काही सेकंदांत गेला नाही तर ताबडतोब बंद करा. दोन-चार मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी काढून ऑइल बघा. पातळी उतरलेली असणार, तेवढं भरा.

काढलेलं ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही ते फासू नका. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

दहा-पंधरा किलोमीटर फिरून या, गाडी गरम असतानाच टॉर्चनं दोन्ही जोड बघा, हात मात्र लावू नका. रात्री इंजिनखाली जुना पेपर पसरून ठेवा. सकाळी पहिला स्टार्ट मारून पाच मिनिटांनी पेपर ओढा. कोरडा निघाला तर गार्ड चढवा.