कासवाला संत्री चारणाऱ्यांनो, या चुका टाळा

आमच्या अंगणात नऊ वर्षांपासून सल्काटा जातीचं कासव आहे, केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेलं. येणारा-जाणारा थांबतो आणि हातात असेल ते त्याच्यापुढे टाकतो. बिस्कीट, चिवडा, एकदा तर खर्‍याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी. रोज कोणीतरी विचारतं, "याले काय चारता?" गवत म्हटलं की तोंड पाडतात.

पहिली चूक फळांची, आणि ती माझ्याच घरी झाली. दिवाळीनंतर संत्र्याची तोडणी झाली, व्यापाऱ्यानं चुरी, म्हणजे बारीक फळं, बाजूला टाकली. भावाच्या पोट्ट्यांनी टोपलंभर आणून कासवापुढे ओतली. "काकाजी, पाहा न, कसं खाऊन राह्यलं!" मीही पाहत बसलो, हा माझा गाढवपणा. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी अंगणभर पातळ, आंबूस वासाची घाण. सहाव्या दिवशी मान आत गेली ती बाहेर येईना. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "भाऊ, मी बैल पाहतो, बकरी पाहतो. हे पहिल्यांदाच आलं." तरी त्यांनी नागपूरला फोन लावून विचारलं, हे त्यांचे उपकार.

सल्काटा मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं. तिथं वर्षाचे बरेच महिने वाळलेलं गवतच. त्याच्या आतड्यातले जंतू चोथा कुजवून पोषण काढतात. गोड, आंबट फळ गेलं की त्यांचं तंत्र बिघडतं. त्यात थंडीच्या रात्री, अंग गार, पचन आणखी मंद. मग फळं बंद, नुसतं वाळलं गवत, रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवणं. लेंडी घट्ट व्हायला तीन आठवडे गेले. केळी, आंबा, द्राक्षं यांनाही हाच न्याय. आवडीनं खातं म्हणून मानवतं असं नाही. पोट्ट्यांनाही पेप्सी आवडते.

दुसरी चूक फवारलेल्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावराकडेची हरळी हिरवीगार दिसते, म्हणून लोक कापून आणतात. शेजाऱ्यानं कालच तणनाशक मारलंय की नाही, हे विचारत नाहीत. आंतरप्रवाही औषध तर धुऊनही जात नाही, ते पानाच्या आत असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं दगावली, तरी आपण धडा घेत नाही, कासवाचं कोण बघतो! मी विहिरीजवळ चार बाय दहा फुटांचा तुकडा राखलाय, तिथं फवारणीचा पंप जात नाही. बाप आयुष्यभर हरळी खणत आला, मी ती लावतो. गावात माझी टिंगल होते, होऊ दे. जास्वंदाची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेली नागफणी, अधूनमधून मूठभर शेवगा, बस.

पालक आणि घोळ रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. तरोट्याची (टाकळ्याची) भाजी आपल्याला पावसाळ्यात चालते, कासवाला जुलाब होतील. गाजरगवत, रुई, कण्हेर, धोतरा, घाणेरी अंगणातून उपटून टाका. दूध-पोळी, भात, अंडं, कुत्र्याचं खाणं यांवर बोलायची गरजच पडू नये, पण पडते. तुरीचं कुटार (भुसा) गाईला चालतं म्हणून याला घालू नका, प्रथिनं जास्त होतात.

कॅल्शियमच्या बाटल्यांमागे लागण्याआधी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं हाड आणा. सकाळचं ऊन द्या. काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, ज्या किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व बनतं ती काचेत अडतात. पिल्लू असेल तर ओलसर कोपरा हवाच, नाहीतर पाठ खडबडीत, उंचसखल होते. "दोन महिन्यांत मोठं कसं करायचं?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. मोठं झालेलं नर पंचेचाळीस किलोच्या वर जातं, तेव्हा ठेवाल कुठं ते आधी सांगा.

आणि रानात, नाल्यात सापडलेलं देशी कासव उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. परवा एक पोट्टा चांदणी कासव घेऊन "काय चारू?" म्हणत दारात उभा. त्याला म्हटलं, काही चारू नको, वनविभागाला फोन लाव. तो रुसून गेला. संध्याकाळी बापाला घेऊन परत आला, तेव्हा फोन मीच लावून दिला.