डायमध्ये जॉब अडकला तर

आयटीआय करून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये लागलो. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक जॉब, म्हणजे दाबायला घेतलेलं पितळी टोपण, सायझिंग डायमध्ये (जॉब दाबून नेमक्या मापाचा करणारा पोलादी साचा) अडकलं. प्रेसचं हँडल अर्ध्यावर जड झालं होतं, ते मला जाणवलंही होतं. पण दीडशे नग बाकी होते, म्हणून जोर लावला. परत ओढताना टोपणाची कड फाटून ती पकडणाऱ्या होल्डरमध्ये राहिली आणि जॉब डायमध्येच.

मी हातोडी घेतली तसे मिस्त्री ओरडले, "ठेव ती खाली! डाय फुटायला एक घाव पुरतोय, करायला पंधरा दिस लागत्यात."

गॅसनं तापवू का, विचारलं. तेही नाही. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं: एका अंशाला दहा लाखांत पितळ सुमारे 19 भाग, पोलाद सुमारे 12. म्हणजे तापवलं की जॉब आणखी घट्ट, शिवाय डायचं हार्डनिंग (पोलादाला दिलेला कडकपणा) जाण्याची भीती. उलट बर्फात ठेवली तर थोडी मदत होते.

मग त्यांनी दाखवलं ते आजही तसंच करतो. डाय व्हाइसमध्ये धरली, टोपणाचा तळ वर. आतली पिन मागे घेतली, नाहीतर ड्रिल तिच्यावरच जातं. मध्यावर सेंटर पंच, 5 मिमीचं ड्रिल, मग एम-6 चा टॅप (भोकात 6 मिमी बोल्टचे आटे पाडणारं हत्यार). तेल सोडत, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. तळ 4 मिमी जाड, म्हणून चार आटे मिळाले. डायच्या तोंडावर टोपणापेक्षा रुंद पाइपचा तुकडा, त्यावर जाड वॉशर. नट चढवलेला लांब बोल्ट त्यातून तळात फिरवला, बोल्टचं डोकं एका पान्यानं धरलं आणि नट खाली आवळत गेले. 'कट्' असा आवाज झाला आणि टोपण वर आलं. परदेशात बंदुकीच्या रिकाम्या पितळी केस पुन्हा भरणारे लोकही अडकलेली केस अशीच काढतात.

पण अडकूच न देणं जास्त महत्त्वाचं. आमच्याकडं कारण बहुतेक वेळा वंगणाचंच निघतं. कोरडा जॉब गेला की पितळेचे कण डायला चिकटतात आणि पुढचा प्रत्येक नग ओरखडे घेऊन येतो. ड्रॉ ऑइल बोटानं पातळ चोळा. जास्त लावलं तर तेल दबत नाही, जॉबलाच पोचा पडतो. दर काही नगांनी डाय कापडानं पुसा. जॉबच्या तोंडावरची बर (कापताना राहिलेली धारदार कड) आधी कानशीनं काढा. वारंवार दाबलेलं पितळ कडक होतं, ते ॲनील केल्याशिवाय (तापवून मऊ केल्याशिवाय) पुन्हा डायमध्ये घालू नका. आणि पितळ अमोनियाच्या क्लीनरनं धुऊ नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं याच अमोनियामुळं तडकत असत.

नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी नुसतं हँडल ओढायला लावतो, आधी तेल लावलेल्या जॉबवर, मग जरा कमी तेलाच्या. फरक हाताला कळेपर्यंत. जड लागलं की तिथंच थांबायचं, हळू मागं घ्यायचं, तेल लावून पुन्हा. अर्ध्यावरचा जॉब सहज परत येतो.

एम-6 टॅप, पाइपचा तुकडा आणि तो बोल्ट मात्र ड्रॉवरमध्ये असतोच. टॅप कोल्हापूरच्या उद्यमनगरातून चांगला घ्या. स्वस्तातला जॉबमध्येच मोडला की दुखणं दुप्पट.