शाळेच्या पाण्यातलं शिसं: तपासताना आणि काढताना या चुका टाळा

कोकणात पाण्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे हो, बाटलीचं पाणी त्याच्यापुढे काहीच नाही. आणि ते खरंच आहे. जांभ्यातनं झिरपून आलेलं पाणी हलकं असतं, क्षार कमी, साबणाला चटकन फेस येतो, डाळ पटकन शिजते. पण हेच पाणी बऱ्याच गावांत थोडं आम्लधर्मी पण असतं, पीएच साडेसहाच्या खाली, आणि असं पाणी धातू खातं. देशावरच्या जड पाण्याने पाइपला आतून पांढरा थर धरतो आणि तो थर धातूच्या आड येतो, आपल्याकडे तो थर धरतच नाही. त्यामुळे विहिरीत शिसं औषधालाही नसलं तरी शाळेच्या नळातनं पोरांच्या पोटात जाऊ शकतं. पितळी तोटीतनं, जुन्या कूलरच्या टाकीला दिलेल्या डागातनं (म्हणजे सोल्डरच्या जोडातनं), गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातनं, जुन्या पीव्हीसीतनं (त्यात शिशाचं स्टॅबिलायझर घालायचे).

म्हणून विहिरीचा किंवा टाकीचा नमुना देऊन मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. रिपोर्ट चांगला येतो, तो ऑफिसात फाइलला लागतो आणि व्हरांड्यातल्या ज्या तोटीला रोज पन्नास पोरं तोंड लावतात तिच्याकडे कोणी बघत नाही. शिसं शेवटच्या काही फुटांत मिसळतं, त्यामुळे नमुना पण तिथलाच हवा. प्रत्येक पिण्याच्या तोटीचा वेगळा, आणि पोषण आहार शिजतो तिथल्या नळाचा न विसरता, कारण भात आणि डाळ ते पाणी शिसासकट पिऊन घेतात. तोट्यांना रंगाने नंबर टाका म्हणजे नंतर कुठला रिपोर्ट कुठला यावरून वाद नको.

आता नमुना घ्यायची पद्धत, आणि इथे चांगली चांगली माणसं चुकतात. जंतूंच्या तपासणीला नळ ज्योतीने तापवायचा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची असं जलसुरक्षकाला शिकवलेलं असतं, त्या तपासणीसाठी ते बरोबरच आहे. शिशाला नेमकं उलटं. पाणी पाइपात ८ ते १८ तास न हलता राहिलेलं पाहिजे आणि तोटी उघडल्यावर येणारं अगदी पहिलं २५० मिली पाणी बाटलीत गेलं पाहिजे, एक थेंब न सांडता. रुंद तोंडाची बाटली लॅबकडूनच घ्या, सरबताची धुतलेली चालणार नाही. तोटी नेहमीसारखी उघडा, हळूच बारीक धार सोडली तर आतले कण सुटत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. त्याच कारणासाठी आदल्या दिवशी तोटीची जाळी साफ करू नका. मग पाणी ३० सेकंद वाहू द्या आणि दुसरी बाटली भरा. पहिलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी तर दोष तोटीत, दोन्हीत जास्त तर दोष मागे पाइपात किंवा टाकीच्या जोडात.

हे सगळं नीट ठरवलेलं असतं आणि सकाळी साडेसहाला आहार शिजवणाऱ्या ताई येऊन पातेलं भरतात की नमुना गेला! त्यांना आदल्या दिवशी सांगा आणि पातेल्यापुरतं पाणी आधीच भरून ठेवा. टाकीचा व्हॉल्व रात्री बंद करायची सवय असेल तर त्या रात्री उघडा ठेवा, पाइप रिकामा झाला तर नमुन्याला अर्थ नाही. मे महिन्याच्या किंवा गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस नमुन्यासाठी घेऊ नका, तेव्हा आकडा नेहमीपेक्षा फुगलेला येईल. (त्या दिवशी साठलेलं पाणी पोरांना तर मुळीच देऊ नका, आधी सगळ्या तोट्या सोडून टाकी-पाइप धुवून घ्या.)

टीडीएस मीटर बुडवून पाणी एकदम बेस्ट सांगणारे लोक गावोगाव फिरतात. त्या मीटरला शिसं दिसत नाही, तो फक्त एकूण क्षार सांगतो. ग्रामपंचायतीच्या पाणी तपासायच्या किटमध्ये पण शिशाची चाचणी नसते. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही, लालसर पाणी बघून आपण ओरडतो पण काचेसारख्या स्वच्छ पाण्यात शिसं आरामात असू शकतं. त्यामुळे लॅब लागतेच, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली आणि शिसं मोजणारी आहे ना हे विचारूनच नमुना पाठवा, पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत शिसं येतंच असं नाही.

रिपोर्ट आला की दोन गोष्टी बघा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० पीपीबी (अब्जात दहा भाग), आणि त्यात सवलत नाही. आणि बीडीएल (मशीनला मोजता येईल त्यापेक्षा कमी) लिहिलेलं असेल तर लगेच सुटलो म्हणू नका, लॅबचं मशीन किती खालपर्यंत मोजतं ते विचारा. १९९१ च्या जुन्या मानकात मर्यादा ०.०५ होती, मशीन तेवढंच मोजत असेल तर ०.०३ असलेलं पाणी पण बीडीएलच दिसणार. शिवाय १० च्या आत म्हणजे सुरक्षित असं पण नाही. लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, त्याचा घाव मेंदूवर पडतो आणि तो भरून येत नाही. आकडा ७ आला तरी ती तोटी बदलायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

काढायच्या बाबतीत पहिला गैरसमज उकळण्याचा. उकळून जंतू मरतात, शिसं तसंच राहतं, उलट पाणी आटल्यावर लिटरमागे वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर), यूव्ही, साधा कॅन्डल फिल्टर, यातलं काही शिशासाठी नाही. आरओ काढतो, एनएसएफ ५३ या फिल्टरच्या अमेरिकन मानकात शिशासाठी पास झालेला कार्बन ब्लॉक फिल्टर पण काढतो, पण काडतूस वेळेवर बदललं तरच, आणि देणगीत मिळालेल्या मशीनचं काडतूस दोन वर्षांनी कोण बदलणार हे शाळा व्यवस्थापन समितीने मशीन घेतानाच लिहून ठेवावं. आणखी एक चूक फार ठिकाणी होते, आरओच्या पुढे पितळी तोटीचा कूलर जोडतात. आरओचं पाणी आधीच क्षार काढलेलं आणि आम्लाकडे झुकलेलं, ते त्या तोटीतनं शिसं आणखी जोरात ओढतं, म्हणजे मशीनने काढलेलं परत आत. फिल्टर तोंडाजवळ हवा आणि त्याच्यापुढे स्टील नाहीतर चांगलं प्लास्टिकच.

खरं तर बहुतेक शाळांना महागडं मशीन लागणारच नाही. पितळी तोट्या काढून ३०४ स्टीलच्या लावा, डागाचा जुना कूलर भंगारात द्या (दुसऱ्या शाळेला देऊ नका, प्लीज), जोडाला सुतळी-सफेदा लावू न देता टेफलॉन टेप लावायला सांगा. काम झालं की जाळ्या काढून झटका, राखाडी कचकच पडते ती बघाच, त्यात डागाचे बारीक तुकडे असू शकतात आणि प्रत्येक ग्लासाबरोबर थोडे थोडे विरघळत असतात. काही आठवड्यांनी तशाच पद्धतीने परत नमुना द्या.

तोपर्यंत रोज सकाळी प्रत्येक तोटी दोन-तीन मिनिटं सोडा, मेनची एकच सोडून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्याची मारामार असते, म्हणून ते पाणी बादल्यांत धरून संडासाला किंवा झाडांना वापरा. हात धुवायला त्या नळांचं पाणी चालतं, शिसं कातडीतनं आत जात नाही म्हणण्याइतकं कमी जातं. आणि विहिरीच्या पाण्यात शिसं नाही असा रिपोर्ट हातात असेल तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी कळशीने थेट विहिरीवरून आणून टीसीएल टाकून स्टीलच्या झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंपाची तोटी स्टीलची आहे ना तेवढं बघून.